पाहुण्यांचे घर की राहणाऱ्यांचे?

(द्वितीय वर्ष कला)

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दोन्ही कामांत पैसा किती जातो आणि माणूस कसा मेटाकुटीला येतो, हे सांगण्यासाठी ती वापरतात. पण या दोन कामांत आणखी एक साम्य आहे. दोन्ही वेळी ‘लोक काय म्हणतील’ याचा विचार आपण आधी करतो आणि ‘आपल्याला काय सोयीचे’ याचा मागाहून. लग्नाविषयी लिहिण्याचा अधिकार मला अजून नाही. घरातली फरशी आणि बसण्या-झोपण्याचे सामान यांविषयी मात्र मी थोड्या अधिकाराने लिहू शकते. माझे वडील पंचवीस वर्षे फरशी बसवण्याचे काम करीत आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पण फरशीचे शिक्षण मला त्याच्या कितीतरी आधीपासून मिळत आले आहे.

आमच्या सोलापूर भागात फरशी म्हटली की ती शहाबादी. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातले शहाबाद आम्हाला जवळ, म्हणून दगड सहज मिळे. पुढे राजस्थानातून हिरवट कोटा आला. आंध्रातून काळा कडप्पा आला आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर जाऊन बसला. शहरांतल्या घरांत सिमेंटच्या रंगीत, नक्षीदार लाद्या आल्या. या लाद्या विलायतेहून येत. त्या आपल्याच देशात करून दाखवायच्या, या स्वदेशीच्या जिद्दीने १९२२ साली मुंबईत भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी निघाली. मग मोझेकचा जमाना आला, आणि आता गुजरातेतील मोरबीच्या चकचकीत टाइल्सचा आहे. निवड करायला आज पूर्वी कधी नव्हता एवढा वाव आहे. प्रश्न आहे तो निवड कोणी करायची आणि कशासाठी करायची, हा.

शेणाने सारवलेल्या जमिनीचे गोडवे गाणारे लेख मी वाचले आहेत. ते लिहिणाऱ्यांनी स्वतः किती वेळा सारवले असेल, याची मला शंका आहे. आमचे जुने घर माळवदाचे होते. दर आठ दिवसांनी आई पोतेरे घेऊन ओणवी होत असे. उन्हाळ्यात ती जमीन पायांना सुखाची लागे, हे खरे. पण पावसाळ्यात तिला ओल येई, कडेने वाळवी लागे आणि रांगते मूल माती खाई. मेक्सिको देशातल्या कोआविला राज्यात २००० सालापासून सरकारने गरिबांच्या घरांतली मातीची जमीन काढून सिमेंटची करून दिली. त्याचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी त्यातले आकडे सांगितले, तेव्हा मी ते वहीत उतरवून घेतले. जिथे घरभर सिमेंट झाले, तिथल्या लहान मुलांमधले जंतांचे प्रमाण ७८ टक्क्यांनी आणि अतिसाराचे ४९ टक्क्यांनी कमी झाले. त्या घरांतल्या आयांच्या मनावरचा ताणही हलका झाला. पक्की फरशी ही चैन नव्हे, ती गरज आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शंका आहे ती चकाकीबद्दल. अण्णा सांगतात, दुकानात गेलेले गिऱ्हाईक टाइल हातात धरते आणि तिच्यात आपले तोंड दिसते का, ते पाहते. पण फरशीवर तोंड ठेवायचे नसते, पाय ठेवायचा असतो! व्हिट्रिफाइड टाइल फार मोठ्या उष्णतेत भाजलेली असते आणि ती पाणी जवळजवळ पीतच नाही. म्हणून ती डागाळत नाही. हा तिचा मोठा गुण. पण त्याच गुणामुळे सांडलेले पाणी गुळगुळीत पृष्ठावर तसेच थांबते आणि पाय सटकतो. आपल्या घरांत पाणी कुठे सांडत नाही? मोरीतून ओल्या पायांनी आपण बाहेर येतो, घागर भरून आणतो, देवापुढे पाणी शिंपडतो, दिवसातून एकदा तरी फरशी पुसतो.

गेल्या वर्षी एका नातेवाइकांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला माझी आजी अशाच ओल्या टाइलवरून घसरली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, त्यापायी कर्ज झाले. आजी आता काठी घेऊन चालते. पण जमिनीवर मांडी घालून बसणे तिला या जन्मी जमणार नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, जगभरातल्या अपघाती मृत्यूंच्या कारणांत पडणे हे दुसऱ्या क्रमांकाचे कारण आहे, आणि असे दगावणाऱ्यांत साठी ओलांडलेली माणसेच सर्वांत जास्त असतात. ज्यांनी आयुष्यभर घर सांभाळले, त्यांनाच घराने पाडावे, याला काय म्हणावे?

त्याच कारखान्यांत खरखरीत पृष्ठाच्या टाइल्सही तयार होतात. त्यांना मॅट म्हणतात. त्यांवर पाय रोवून उभे राहता येते. अण्णांचे काही साधे नियम आहेत. मोरी आणि स्वयंपाकघरात खरखरीतच टाइल घ्यावी. पाण्याला ढाळ नीट द्यावा. फरशी महागाची असून ढाळ चुकला, तर घरात कायमचे डबके. शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड आहेत. त्यांवर लिंबू सांडले किंवा संडास धुण्याचे अ‍ॅसिड पडले, की डाग पडलाच. काळ्याभोर फरशीवर धुळीचा प्रत्येक कण दिसतो, म्हणजे घरच्या बाईचे झाडणे दुप्पट. हे नियम कोणत्याही दुकानातल्या फलकावर लिहिलेले नसतात.

आता सामानाकडे वळू. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर धरले आहे, आणि तेही स्वयंपाकाच्या जागेसह. म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. अशा घरातली पुढची खोली दहा बाय दहाची धरा. तीन माणसांचा सोफा सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद. त्याच्या दोन खुर्च्या प्रत्येकी अडीच फूट चौरस. मध्ये एक टीपॉय. सगळे मिळून बत्तीस चौरस फूट झाले. शंभरातले बत्तीस! एका माणसाच्या अंथरुणाला पंधरा चौरस फूट लागतात. म्हणजे दोन माणसांची झोपण्याची जागा सोफ्याने खाल्ली, आणि त्यावर पाहुणा बसणार वर्षातून पंधरा दिवस. उरलेले साडेतीनशे दिवस त्याच्यावर घड्या न केलेले कपडे बसतात.

आमच्याकडे सध्या हाच वाद रंगला आहे. नव्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत आणि हातात थोडे पैसे शिल्लक आहेत. आत्याचे म्हणणे असे की, आधी सोफा घ्या. उद्या पोरीला बघायला लोक आले तर बसणार कुठे? ती पोरगी म्हणजे मीच. आत्याचे माझ्यावर प्रेम आहे आणि तिची काळजीही खरी आहे. पण मला विचारावेसे वाटते, सतरंजीवर बसलेल्या माणसांना मुलगी कमी दिसते काय? आणि ज्यांना मुलीपेक्षा सोफा आधी दिसतो, त्यांनी आलेच पाहिजे का? त्याच पैशांत गावातला सुतार बाभळीचे, नाहीतर लिंबाचे एक टेबल आणि एक खुर्ची करून देईल. टेबल अडीच फूट उंच, खुर्चीची बैठक दीड फूट. आजवरचा सारा अभ्यास मी पत्र्याच्या पेटीवर वही ठेवून, पाठीत वाकून केला. माझ्या मागून माझा धाकटा भाऊ येतो आहे. त्यानेही तसाच करावा काय?

कोणी म्हणेल, गरिबाने हौस करूच नये का? अवश्य करावी! अण्णांनी दुसऱ्यांच्या बंगल्यांत संगमरवर बसवला. गुडघे टेकून टेकून त्यांचे गुडघे आज कामातून गेले आहेत. आपल्याही घरात एकदा झगझगीत फरशी असावी, असे त्यांना वाटले, तर त्यांना हसण्याचा अधिकार कोणाला आहे? माझ्या मनाला त्या इच्छेचा मान आहे. म्हणूनच मी त्यांना एवढेच म्हटले, ‘‘अण्णा, ज्या गुडघ्यांनी फरशी बसवली, त्यांना सोसेल अशीच आपण घेऊ.’’ ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मॅटचे दोन नमुने घेऊन आले. फरशीचा निकाल लागला. सोफ्याचा अजून लागायचा आहे.

माझे मत असे की, छोट्या घरात एका वस्तूने दोन कामे केली पाहिजेत. रात्री झोपायला आणि दिवसा बसायला भिंतीकडेचा साधा दिवाण किंवा लोखंडी कॉट घ्यावी. खाली वळकट्या आणि धान्याचा डबा ठेवता येतो. वृद्धांसाठी हात असलेली, पाय जमिनीला टेकतील एवढ्याच उंचीची खुर्ची हवी. खोल, मऊ सोफ्यातून त्यांना उठताना दुसऱ्याचा हात लागतो. भुश्याच्या फळीचे कपाट दिसते छान; पण रोज पुसल्या जाणाऱ्या फरशीवर त्याचे पाय पाणी पितात आणि फुगतात. आणि ज्या प्लॅस्टिकच्या खुर्चीला आपण नाके मुरडतो, ती हलकी असते, धुता येते, एकावर एक रचून कोपऱ्यात ठेवता येते. पाहुणे आले की ती येते, पाहुणे गेले की ती जाते. पाहुणचार आपण सोडावा, असे मी म्हणत नाही. पाहुण्याला चहा आणि चार गोड शब्द मिळाले, तर तो पाटावरही समाधानाने बसतो.

माझ्या मित्रमैत्रिणींपैकी अनेकांच्या घरी आज-उद्या फरशी बदलेल, सामान येईल. घरात शिकलेले म्हणून आपला शब्द विचारला जाईल. तेव्हा आपण तीन माणसांची नावे पुढे करावीत : घरात जो सर्वांत वृद्ध आहे तो, जी रोज फरशी पुसते ती, आणि जो अभ्यास करतो तो. या तिघांना विचारल्यावाचून कोणी दुकानाची पायरी चढू नये, एवढेच माझे सांगणे आहे.