उचल कुठल्या रकान्यात लिहायची?

दसरा आठ दिवसांवर आलाय. या दिवसांत आमच्या पाटोद्यात दोन दुकानांवर उभं राहायला जागा नसते. एक झेरॉक्सचं, दुसरं ताडपत्रीचं. टोळ्या निघायच्यात ना. आधारच्या प्रती मुकादमाला द्यायच्या आणि ताडपत्री कोपीवर टाकायची.

त्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला असलेल्या पोरानं मला एकदा गप्प केलं होतं. तेच लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पोस्ट मोठी आहे, पण वाचा.

2023 च्या जुलैत नीती आयोगाचा बहुआयामी गरिबीचा अहवाल आला. 2015-16 ते 2019-21 या काळात देशातली गरिबी 24.85 टक्क्यांवरून 14.96 वर आली, आपल्या महाराष्ट्रातली 14.80 वरून 7.81 वर. मी प्रेसनोट वाचली आणि 'राज्यातील गरिबी निम्म्यावर' अशी बातमी ठोकून दिली. दुसऱ्या दिवशी हा पोरगा पेपर हातात घेऊन म्हणाला, "भाऊ, यात आमची उचल कुठं धरली?"

मी म्हणालो, बघून सांगतो. (पत्रकार 'बघून सांगतो' म्हणाला की समजायचं, त्याला माहीत नाही.)

घरी जाऊन बघितलं. एकूण बारा निकष आहेत. पोषण, बालमृत्यू, गरोदरपणातली काळजी, शिक्षणाची वर्षं, शाळेतली हजेरी, स्वयंपाकाचं इंधन, संडास, पिण्याचं पाणी, वीज, घर, घरातल्या वस्तू आणि बँक खातं. कर्ज कुठंच नाही. उचल तर नाहीच नाही.

आता या पोराचं घर त्या निकषांत बसवून बघा. आईचं जनधन खातं आहे, म्हणजे पास. गॅसचं कनेक्शन आहे, पास. संडास, वीज, मोबाईल, मोटारसायकल, सगळ्यात पास. आणि घरात दहा वर्षांवरच्या एकानं तरी सहा वर्षं शाळा केलेली असावी, असा निकष आहे. पोरगा बारावी झालाय, म्हणजे तिथंही पास! त्याच्या शिक्षणानंच घर गरिबीतून बाहेर काढलं, कागदावर. आई-बाप मात्र सहा महिने कोल्हापूरकडं फडात, कोपीत राहतात. गॅस इथं कुलपात आणि तिकडं तीन दगडांच्या चुलीवर भाकरी.

हा अहवाल खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. माझ्या आजीनं 1972 चा दुष्काळ काढला. खडी फोडली, लाल मिलो खाल्ली, सुकडीसाठी रांगा लावल्या. ती उपासमार आज नाही, आणि हे कमी नाही. पण चहाच्या टपरीवर जेव्हा कोणी म्हणतं, "आता कुठं राहिली गरिबी, प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे", तेव्हा मला विचारावंसं वाटतं की हातात काय आहे ते दिसलं, मानेवर काय आहे ते बघितलं का?

गेल्या वर्षी त्या जोडप्यानं उचल घेतली एक लाख वीस हजार. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन माणसं, पण हिशेबात एकच अवजार. जानेवारी 2024 मध्ये संघटना आणि साखर संघाच्या बैठकीत 34 टक्के वाढ ठरली आणि तोडणीचा दर टनाला साडेतीनशेच्या पुढं गेला. आपण 366 धरू. जोडीनं रोज दोन टन तोडला तर 732 रुपये. एकही खाडा न करता 120 दिवस केले तर 87,840. पहाटे तीनला गाडी भरायला उठून, थंडीत, आजारपण न धरता. आठवड्याची खर्ची याच हिशेबातून कापायची, खाडा झाला की दंड वेगळा. आता एक लाख वीस हजारातून वजा करा. फिटत नाही. फिटली नाही की पुढच्या दसऱ्याला त्याच मुकादमाच्या दारात.

खाड्याच्या याच भीतीतून बीडच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी 2019 मध्ये देशभर गाजली. सरकारनं समिती नेमली. सर्वेक्षणात गर्भाशय काढलेल्या बायका तेरा हजारांवर निघाल्या. आपण चार दिवस हळहळलो.

लोक विचारतात, मग उचल घेतातच कशाला? रोजगार हमी आहे की. आहे. वि. स. पागेंची ती कल्पना, 1972 च्या दुष्काळात उभी राहिली, 1977 ला कायदा झाला, पुढं देशानं उचलली. मला तिचा अभिमान आहे. पण हमीचा पैसा काम झाल्यावर मिळतो, तोही हप्त्याहप्त्यानं, कधी महिन्यानं. पोरीचं लग्न, बापाचं ऑपरेशन, बोअरचं कर्ज यांना एकरकमी पैसा लागतो आणि आधी लागतो. कामाआधी लाख रुपये हातावर ठेवणारा आमच्या भागात एकच माणूस आहे, मुकादम. बँक त्या जनधन खात्यावर दहा हजार द्यायला तयार नाही.

आणि हे सगळे भूमिहीन आहेत असंही समजू नका. वंजारी, बंजारा, दलित, मराठा, सगळे जातात. अनेकांकडं दोन-तीन एकर आहे. पण ती बालाघाटाच्या माथ्यावरची, मुरमाड, पावसावरची. एका पिढीत चार वाटण्या झालेली. निजामाच्या राजवटीत इथं पाणी आलं नाही, 1948 नंतरही डोंगरपट्ट्यात फारसं आलं नाही. तिकडं 1950 ला प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला, मग कालव्याच्या पाण्यावर एकामागून एक उभे राहिले. त्यांना ऊस तोडायला माणसं लागत होती, आणि आमच्याकडं माणसांशिवाय पिकत काय होतं?

कर्जाचा हा खेळ जुनाच आहे. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी उठले आणि सावकारांच्या घरातून कर्जरोखे बाहेर काढून जाळले. माणसं मारायला ते गेले नव्हते, कागद जाळायला गेले होते. इंग्रजांना 1879 ला कायदा करावा लागला. तेव्हा बीड निजामाकडं होतं, त्या कायद्याचा आपल्याला उपयोग नव्हता. आज कायदा आहे. 1976 चा वेठबिगारी निर्मूलनाचा. आगाऊ रकमेपोटी माणूस बांधून घेणं हा त्यात गुन्हा आहे. पण कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, माझा मुकादमाशी. मुकादम स्वतःही कर्जात, त्याची उचल बुडवून टोळ्या पळतात, तो त्याचा राग मजुरावर काढतो. आणि मजुराच्या हातात जाळायलासुद्धा कागद नाही. हिशेब मुकादमाच्या वहीत.

महामंडळ झालं, वसतिगृहाची योजना आली, ओळखपत्रं वाटली. चांगलं आहे. पण उचलीची नोंद कोणी करत नाही. किती दिली, कोणाच्या नावावर, टनाचा भाव काय धरला, खाड्याचे किती कापले, उरले किती. नवऱ्याच्या आणि बायकोच्या नावानं वेगळं. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या प्रत्येक गाडीची पावती निघते, किलोचा हिशेब असतो. तोडणाऱ्याची पावती का निघू नये? ती निघाली तर पुढच्या अहवालात धरायला आकडा तरी असेल.

तोवर एक करा. तुमच्या घरातलं, गल्लीतलं कोणी निघत असेल तर मुकादमाच्या वहीतल्या पानाचा मोबाईलवर फोटो काढायला सांगा. उचल घेतली त्या दिवशीचा, आणि हंगाम सुटल्यावरचा. दोन्ही मला पाठवा. नाव, गाव कुठंही छापणार नाही. शंभर पानं जमली तर मी ती घेऊन कामगार आयुक्तांकडं जाणार आहे.

पहिलं पान आलंय. त्याच झेरॉक्सच्या पोरानं आणून दिलं. पैसे घेतले नाहीत.