वळिवड्याची पोलिश वस्ती

कोल्हापुरात दुसऱ्या महायुद्धाच्या खुणा शोधायच्या म्हटलं की लोक उजळाईवाडीच्या विमानतळाकडे बोट दाखवतात. राजाराम महाराजांच्या काळातली ती धावपट्टी, पण तिथं आता रोज विमानं उतरतात, तिची काळजी घेणारे आहेत. मला ओढ आहे ती वळिवड्याची. मिरजेच्या रेल्वेमार्गावर असलेल्या या गावाशेजारी १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यात बायका-मुलंच जास्त. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीनं त्यांना घरातून उचलून सैबेरियात नेऊन टाकलं होतं. सुटका झाल्यावर इराणमार्गे ते इथवर आले. कौलारू बराकींच्या रांगा, शाळा, दवाखाना, चर्च, नाटकाचा रंगमंच. पंचगंगेच्या काठी चक्क एक पोलिश गावच उभं राहिलं. पोलिश मंडळी गेली आणि त्याच बराकींत फाळणीत घर गमावलेली सिंधी कुटुंबं आली. आजचं गांधीनगर ते हेच! कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेले टेम्पो चुकवत त्या गल्ल्यांतून चालताना जुनी बराक ओळखणं कठीण जातं, इतकं बांधकाम वर चढलंय. कोल्हापुरातल्या महावीर उद्यानात या निर्वासितांचा स्मारकस्तंभ आहे, वॉर्सातही कोल्हापूरचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथं पुष्पचक्र वाहिलं. उरलेल्या बराकींची मात्र नोंद व्हायला हवी, मोजमापं आणि फोटोंसकट, आणि तीही पुढचा मजला चढायच्या आत.