आशा म्हणजे खोटं हसू नव्हे

"टेन्शन घेऊ नकोस, सगळं चांगलं होईल!" हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा ऐकतो? केटी लागली, कॅम्पसमध्ये नाव आलं नाही, घरी कोणी आजारी पडलं, की हे वाक्य तयारच. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणारा गप्प होतो. मनातलं पुढचं बोलायची सोयच उरत नाही.

ख्रिस्ती घरांत "विश्वास ठेव" असं म्हणतात, आणि मग निराश होणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असंच वाटायला लागतं. माझ्या मते हा गैरसमज आहे. बायबलमध्ये 'विलापगीत' नावाचं एक अख्खं पुस्तक आहे. स्तोत्रांतही देवाकडे केलेल्या तक्रारी भरपूर सापडतात. ज्या ग्रंथानं रडण्याला एवढी जागा दिली, त्याच्या वाचकांनी रडायला का लाजावं?

आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंचे आई-वडील १८७४ साली दुष्काळात गेले, मागोमाग बहीणही. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणून पुढं सगळं सुरळीत झालं का? मुळीच नाही. धर्मांतराच्या वादात १८९३ साली शारदा सदनातल्या अनेक मुली पालकांनी काढून नेल्या. तरीही १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. भूक काय असते ते त्यांना ठाऊक होतं! केडगावच्या माळावर विहिरी खणल्या गेल्या, शेती उभी राहिली, बायका छापखाना चालवू लागल्या. सोबतीला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर, तेही वर्षानुवर्षं. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. १९२२ मध्ये स्वतः रमाबाई गेल्या, पण भाषांतर पूर्ण करूनच.

या आयुष्यात 'सगळं चांगलं' कधी झालं? आणि तरी याला निराशेचं आयुष्य कोण म्हणेल?

आपल्या पनवेलजवळ इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. यंत्रं वर नेता येईनात, तेव्हा माणसं पावसात डोंगर चढून गेली आणि हातांनी माती उपसू लागली. शेवटी शोध थांबवावा लागला, सगळे सापडले नाहीत. त्या घरांतल्या माणसांना "देवाची इच्छा" म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ती आशा नव्हे, ती आपली सुटका.

आपण इंजिनीअर लोक पूल डिझाइन करताना फॅक्टर ऑफ सेफ्टी धरतो. वाईटात वाईट लोड येईल असं मानतो, आणि तरी पूल बांधतो. लोडच येणार नाही म्हणणारा पूल पाडतो. लोड येणारच, मग बांधायचा कशाला, म्हणणारा नदीच्या अलीकडेच राहतो. ख्रिस्ती आशा मला या दोघांच्या मधली वाटते. दुःखाचं पूर्ण वजन मोजायचं, शेवटचा शब्द त्याचा नाही असं मानायचं आणि कामाला लागायचं.

तेव्हा होस्टेलवर कोणी खचलेला दिसला, तर लगेच 'सगळं चांगलं होईल' नको. "बोल, मी ऐकतोय," एवढं म्हणा. त्याचं बोलून होऊ द्या. मग उद्या सकाळी दोघांनी मिळून काय करता येईल, ते बघा.