मताचा अधिकार आणि भाकरीचा प्रश्न

ज्याच्या घरीं दोन वेळ चूल पेटत नाहीं, त्याचें मत कितपत स्वतंत्र असूं शकेल, याचा विचार सुज्ञ वाचकांनीं करावा, अशी आमची विनंती आहे.

१९३५ च्या कायद्यान्वयें मताधिकार मालमत्ता, कर अथवा शिक्षण यांवर अवलंबून असे. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनें ती अट काढून टाकिली आणि १९५१-५२ च्या निवडणुकींत धनिक व मजूर एका रांगेंत उभे राहिले. हें कार्य थोर खरें. परंतु २५ नोव्हेंबर १९४९ रोजींच घटनासमितींत डॉ. आंबेडकरांनीं बजाविलें होतें कीं, राजकारणांत समता आणि आर्थिक व्यवहारांत विषमता ही विसंगति वेळींच दूर न झाल्यास तिनें पीडलेले लोक लोकशाहीची इमारतच उलथून टाकतील.

कोणी म्हणतील, गरिबी असूनही निवडणुका होतच आहेत. मग भय कसलें? आमचें उत्तर असें कीं, मतदारापूर्वींच पैसा बोलून जातो. २०१८ सालीं निघालेल्या निवडणूक रोख्यांमुळें पक्षांस कोणीं किती द्रव्य दिलें, हें मतदारास कळेना. १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती योजना घटनाबाह्य ठरविली. उलटपक्षीं, महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानें खेड्यांतील मजुरास काम हक्कानें मागतां येऊं लागलें. आणि हक्कानें मागणारा कोणाचा मिंधा राहत नाहीं.

सर्वांची संपत्ति सारखी व्हावी, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एकाची भूक दुसऱ्यास विकत घेतां येऊं नये, इतकी समता असल्यावांचून लोकशाही टिकणार नाहीं. विद्यार्थ्यांनो, उद्यां मत तुमच्या हातीं येईल. तें देण्यापूर्वीं शेजाऱ्याच्या चुलीकडे एकदां अवश्य पाहा.