आधी खेळा, मग मापं घ्या

डिझाईन शिकणारी मुलं सावंतवाडीला आली की राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवणाऱ्या कारागिरांभोवती जमतात. फोटो निघतात, पानांचा व्यास मोजला जातो, प्रकल्पवहीत जुन्या रीतीची कृती उतरते: चिंचोक्याच्या खळीने कापडाचे थर चिकटवा, खडूचा लेप द्या, घोटा, गोल कापा, रंगवा, लाखेचा हात द्या. उत्तम. पण खेळता किती जणांना येतं? दशावतारी गंजिफेत १२० पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा: राजा, वजीर आणि एक्का ते दश्शी. त्यातल्या पाच अवतारांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत वजिराखालोखाल चक्क एक्का! शिवाय दिवसा डाव रामाच्या राजाने उघडायचा, रात्री कृष्णाच्या. भराभर पानं टाकताना अवतार लांबूनच ओळखू यायला हवा, म्हणून खुणा ठसठशीत; हे हातात पानं धरल्यावरच कळतं. १९७० च्या आसपास सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले वयोवृद्ध कारागीर पुंडलिक चितारींकडून ही कला शिकले, म्हणून ती टिकली. खेळ मात्र मागे पडला आणि पानं फ्रेममध्ये जाऊन बसली. (दिवाणखान्यात शोभतात, नाही म्हणत नाही.) वस्तुसंस्कृतीच्या अभ्यासक्रमात वस्तू वापरण्याला गुण नसावेत, हे मला तरी अजब वाटतं. माझ्या हाती असतं तर प्रबंध तपासण्याआधी मी तिघांना चटईवर बसवून एक डाव मांडायला लावला असता, आणि एक्क्यावर दश्शी मारून फसणाऱ्याला पुन्हा सावंतवाडीला धाडलं असतं.