परदेशवारीचा हिशेब उलटा मांडा

मैत्रिणींनो, हल्ली आपल्या मंद्रूपसारख्या गावातल्या आयाही लेक-जावयाकडे परदेशी जाऊ लागल्या आहेत. आमच्या शेजारच्या काकूंची लेक झुरिकला असते. "जाता जाता पॅरिसही पाहू," म्हणाल्या आणि तिकिटांचं सारं काकांवर सोपवून मोकळ्या झाल्या. तसं करू नका, बरं का! वाटेत गर्दीत चुकामूक झाली, तर गाडी-विमान आपल्यालाही ठाऊक हवं. कागद-पेन्सिल घ्या आणि मुहूर्त धरून लग्नघरची कामं मागे मागे मोजतो ना, तसा हिशेब मांडा.

पहिली गोष्ट तारखेची. मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, पहाटेचे २ असं असेल, तर १४ च्या रात्री दहालाच विमानतळावर पोहोचायला हवं. १५ च्या रात्री गेलात, तर विमानही गेलं आणि पैसेही!

म्हणजे १४ च्या सकाळी सोलापूर सोडायचं. वंदे भारत सहाच्या सुमारास निघून साडेबाराच्या सुमारास मुंबईला पोहोचते. उशीर झाला तरी अर्धा दिवस हाताशी राहतो. आठवड्यातून एक दिवस ही गाडी नसते, तो वार आधी बघा. नाही तर आदल्या रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरा. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच उघडतं. विमानाचं तिकीट काढलंत की लगेच कॅलेंडरवर त्या दिवसाची खूण करा.

दुसरी गोष्ट, पॅरिसला उतरून झुरिकहून परतायचं, असं एकत्र तिकीट मिळतं. उलट पॅरिसला येण्याचा हेलपाटा वाचतो. मधला प्रवास आगगाडीनं, सुमारे ४ तासांचा. पॅरिसला मोठी स्टेशनं बरीच आहेत. झुरिकची गाडी 'गार द लियाँ'वरून सुटते, नाव लिहूनच ठेवा. सुटण्याच्या दोन मिनिटं आधी दारं बंद होतात. विमानातून उतरल्या दिवशीच ही गाडी धरू नका.

तिसरी गोष्ट, वाटेत विमान बदलायचं असेल, तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. पहिल्याला उशीर झाला, तर पुढची सोय कंपनी करते. स्वस्त म्हणून तिकिटं वेगवेगळी काढलीत, तर चुकलेल्या विमानाचा भुर्दंड आपल्यालाच.

फ्रान्स आणि स्वित्झर्लंडला शेंगेन व्हिसा एकच चालतो. अर्ज मात्र जिथं मुक्काम जास्त, त्या देशाकडे करायचा. म्हणून कुठं किती दिवस, ते आधी ठरवा.

हा सगळा कागद स्वतःच्या पर्समध्ये ठेवा. औषधं, एक साडी आणि थोडी कडक भाकरी-शेंगाचटणी हातातल्या पिशवीत असू द्या. मोठी बॅग मागे राहिली, तरी आपलं अडणार नाही.