धातुशोधकाचा खोटा आवाज

वाडवडिलांनी पुरून ठेवलेल्या धनाची एखादी तरी गोष्ट ज्यात सांगितली जात नाही, असे जुने घर आपल्याकडे विरळाच. पूर्वी अशा धनाचा ठाव मांत्रिक सांगत. आता त्या कामी धातुशोधक यंत्र आले आहे. माजघरात त्याने एकदा आवाज केला की शहाणीसुरती माणसेही कुदळ शोधू लागतात. यंत्र मुद्दाम असत्य बोलत नाही हे खरे. परंतु त्याच्या बोलण्याचा अर्थ लावण्यात माणूस फसतो. तो कसा फसतो याचे बोधप्रद उदाहरण या यंत्राच्या बाल्यावस्थेतच घडलेले आहे.

ता. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टन येथील रेल्वे स्टेशनात गोळ्या झाडण्यात आल्या. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. तेव्हा देहात रुतलेली गोळी कोठे आहे हे कळण्यास साधन नव्हते. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी त्यासाठी तारेच्या वेटोळ्यांचे एक यंत्र सिद्ध केले. वेटोळ्यातून खेळणाऱ्या विजेमुळे सभोवती चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते, त्यायोगे जवळच्या धातूत सूक्ष्म प्रवाह उमटतात, आणि त्यांचा परिणाम कानाला लावलेल्या टेलिफोनमध्ये ऐकू येतो. आजची यंत्रेही मूलतः याच तत्त्वावर चालतात.

ता. २६ जुलैच्या प्रयोगात यंत्र नुसते खरखरत राहिले. त्याची एक जोडणी चुकली होती. ती सुधारून ता. १ ऑगस्टला पुन्हा पाहिले, तो क्षीण आवाज एका जागी न येता विस्तृत भागावर येऊ लागला. मागाहून कळले की, अध्यक्षांच्या बिछान्यात पोलादी तारांची गादी होती. शिवाय मुख्य डॉक्टर ब्लिस यांचा ग्रह असा की, गोळी उजवीकडेच आहे. म्हणून शोधही उजवीकडेच झाला. ता. १९ सप्टेंबरला अध्यक्ष निवर्तले. शवचिकित्सेत गोळी मणक्याच्या डावीकडे सापडली.

यंत्रातील दोष, सभोवारचा धातू आणि शोधणाऱ्याचा पूर्वग्रह, या तीन गोष्टींनी बेलसारख्या पंडिताला चकविले. आजही बहुतेक खोट्या आवाजांचे मूळ यांतच असते.

प्रथम यंत्राची परीक्षा करावी. घरापासून दूर जाऊन वेटोळे हवेत स्थिर धरावे. तरीही आवाज येत असेल, तर बॅटरी उतरली आहे काय, जवळून विजेच्या तारा जातात काय, खिशात मोबाइल किंवा शेजारी दुसरे धातुशोधक यंत्र आहे काय, हे पाहावे. यंत्राची संवेदनशीलता फार चढवून ठेवली असेल तर ती थोडी उतरवावी. स्थिर धरता यंत्र मुके राहते, पण तार हलविताच खरखरते, असे असल्यास जोड सैल आहे.

नंतर सभोवार पाहावे. हातातील बांगड्या व अंगठ्या, वहाणांचे खिळे, काँक्रीटमधील सळया, हे सारे यंत्राला धनच! खुद्द जमीनही बोलते. देशावरील काळ्या बसाल्ट खडकात आणि कोकणच्या तांबड्या जांभ्यात लोहयुक्त खनिजे असतात, व त्यांमुळे यंत्र फसते. यास्तव वेटोळे भुईवर खालीवर करीत, दोन्ही वेळा आवाज सारखा राहील असे यंत्र प्रथम जुळवून घ्यावे. खरा जिन्नस प्रत्येक फेरीस त्याच बिंदूवर बोलतो. काटकोनात वळून वेटोळे फिरविले तरी बोलतो. जो आवाज पसरतो वा जागा बदलतो, तो बहुधा जमिनीचा समजावा.

आता खोलीविषयी. पुष्कळांना वाटते की, यंत्र फूटपट्टीप्रमाणे खोली मोजते. वस्तुतः ते परत येणाऱ्या खुणेचा जोर पाहते, आणि जिन्नस नाण्याएवढा आहे असे गृहीत धरून आकडा दाखविते. म्हणून खोलवरचे लोखंडी घमेले उथळ भासते, आणि वरवरचा चांदीचा कपचा खोल. नाणे कडेवर उभे असले तरी आकडा चुकतो. वेटोळ्याच्या आकाराहून दूर असलेल्या लहान जिनसाचे अंतर दुप्पट झाले की, परत येणारी खूण सुमारे चौसष्टाव्या हिश्शावर येते! त्यामुळे सुटे नाणे साधारण यंत्राला वीत-दीड वीत खोलीपर्यंतच कळते. आपल्या यंत्राचा अंदाज घेण्यास ठाऊक असलेले नाणे ठाऊक खोलीवर पुरून पाहावे, यापरता सोपा उपाय नाही.

तेव्हा कोणी दारी येऊन, ‘देवघराखाली पुरुषभर खोल मोहरा आहेत’ असे आकड्यानिशी सांगू लागला, तर फरशी उखडण्यापूर्वी वरील परीक्षा घरातील सर्वांसमक्ष त्याला करावयास लावावी. आकड्याच्या विश्वासावर घराचा पाया खणणे हे द्रव्याची व घराची दोहोंची हानी करून घेणे होय. आणि दैवयोगाने खरेच काही सापडले, तरी ते आपलेच असे समजू नये. १८७८ च्या निखात-निधीच्या कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास कलेक्टरास लेखी कळविणे बंधनकारक आहे. हे घरातील मुलांनाही सांगून ठेवावे, कारण यंत्राचा आवाज ऐकण्याची हौस त्यांनाच अधिक असते.